सेल्फ उतरवायच्या आधी अर्थची पट्टी बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी: साठच्या दशकातली चार सिलिंडरची गाडी, सकाळी पहिल्या किल्लीला चालू होते. अर्धा तास फिरवून बंद केली की पुन्हा किल्ली फिरवल्यावर एकच ‘टक्’ आणि मग शांतता. तासाभराने आपोआप बरी होते. बॅटरी नवी आहे. मेकॅनिक म्हणतोय सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) गेला, नवा टाका. आणि जाता जाता तुम्ही एक ओळ लिहिलीत, की मागच्या वर्षी इंजिन खाली उतरवून आतून-बाहेरून रंग दिला.

माझा संशय सेल्फवर नाही, त्या रंगावर आहे.

बॅटरीकडून सेल्फकडे येणारी जाड केबल सगळ्यांना दिसते. परतीच्या वाटेकडे कोणी बघत नाही. करंट सेल्फच्या बॉडीतून इंजिनात उतरतो, तिथून एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीने, म्हणजे अर्थच्या पट्टीने, शासीत (गाडीच्या सांगाड्यात) आणि शासीतून बॅटरीत. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ती पट्टी हीच खरी वाट. तिच्या लगखाली, म्हणजे टोकाच्या कडीखाली, रंगाचा थर राहिला, किंवा जोडणी करताना ती लावायचीच राहून गेली, तर करंट मिळेल त्या वाटेने परततो. बहुतेक वेळा चोकच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून. दोन-तीनदा सेल्फ मारून चोकच्या केबलला हात लावून बघा. गरम लागली तर पुढचं वाचायची गरज नाही. मी स्वतः एकदा दोन वेळा सेल्फ उतरवला, कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे) बदलले, आर्मेचर (तो फिरता भाग) घासलं, आणि तिसऱ्यांदा चोकच्या केबलमधून धूर निघाला तेव्हा डोकं चाललं. पट्टी जागेवर होती, पण काजळीखाली पार हिरवी पडली होती.

आता गणित. इंजिन फिरवताना असा सेल्फ १५० अँपिअर सहज ओढतो, आणि हलायच्या पहिल्या क्षणी त्याहून बराच जास्त. वाटेत कुठे फक्त ०.०२ ओहमचा अडथळा असला तरी १५० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बॅटरीचे १२ गृहीत धरले तर सेल्फपर्यंत उरले ९, त्यातही करंट वाहताना बॅटरी स्वतः खाली येते ती वेगळीच. साध्या मल्टीमीटरवर ०.०२ ओहम दिसत नाही. केबलच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली तरी तो बापडा शून्यच दाखवतो. म्हणून ओहम मोजू नका, करंट वाहत असताना व्होल्ट मोजा.

गरम झाल्यावरच का, तर तापमान ८० अंशांनी वाढलं की तांब्याचा रोध जवळपास ३० टक्क्यांनी वाढतो. सेल्फ एक्झॉस्टच्या शेजारी असेल तर त्याची वेटोळी आणि सोलेनॉइड (किल्ली फिरवल्यावर ‘टक्’ करून जाड करंट जोडणारा स्विच) दोन्ही भाजून निघतात. थंडपणी जेमतेम निभावणारा सांधा गरमपणी हात टेकतो.

गाडी नेहमी ज्या अवस्थेत अडते त्याच अवस्थेत मोजा, थंड गाडीवर नको. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून कॉइलची बारीक वायर काढा. एक माणूस किल्लीवर, तुम्ही मीटरवर. आधी बॅटरीच्या थेट शिशाच्या खुंट्यांवर, क्लॅम्पवर नाही. ‘टक्’ होऊनही तिथे १२.५ च्या आसपास राहिले तर करंट वाहतच नाहीये. इंजिन फिरत असताना ९.६ च्या वर राहिले तर बॅटरी ठीक. ७-८ वर कोसळले तर बॅटरीत दम नाही, नाहीतर सेल्फ आत अडकलाय आणि भरमसाट ओढतोय. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या, म्हणजे शासीला जोडलेल्या, खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या उघड्या धातूवर धरून किल्ली फिरवा. ०.२-०.३ च्या वर गेलं की अर्थ खराब. तसंच दुसऱ्या खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत, इथे ०.५ पर्यंत चालतं. सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये ‘टक्’ झाल्यावरही पूर्ण १२ दिसले तर आतले तांब्याचे संपर्क जळलेत.

मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटीला आणि दुसरं थेट सेल्फच्या बॉडीला लावा. इंजिन फिरलं तर निकाल लागला. अर्थची खुंटी निगेटिव्हच असेल असं मात्र समजू नका. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असायचा. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारलासुद्धा १९६७ पर्यंत तोच होता. मूळ सेल्फला दिशेचा फरक पडत नाही, कारण त्याच्या फील्डची (चुंबक तयार करणारी) वेटोळीही त्याच करंटवर चालतात. पण कोणी नंतर कायमचुंबकाचा नवा सेल्फ बसवला असेल तर तो उलटा फिरेल.

आकडे सगळे चांगले आले तरच सेल्फ उतरवा. त्याआधी डिस्ट्रिब्युटर बघा. टायमिंग फार पुढे असेल, म्हणजे ठिणगी फार लवकर पडत असेल, तर गरम इंजिन सेल्फला उलटा धक्का देतं. कॉइलची वायर काढल्यावर मोकळं फिरतं आणि जोडल्यावर अडखळतं, ही त्याची खूण. सेल्फच्या बॉडीवर लाकडाच्या तुकड्याने हलकं ठोकल्यावर चालला तर कार्बन संपलेत किंवा अडकलेत. बुश (आर्मेचरच्या दांड्याचे आधार) झिजलेले असतील तर आर्मेचर आतल्या पोलला घासल्याच्या चमकदार रेषा दिसतात.

रिले (छोट्या करंटवर चालणारा वेगळा स्विच) टाकायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. रिलेमुळे सोलेनॉइडला जोमदार ओढ मिळते, पण तुमचा सोलेनॉइड ओढतोच आहे, ‘टक्’ ऐकू येतंय की. पट्टीखालचा रंग रिलेने निघत नाही.

पट्टी दुरुस्त करताना, कुठलाही पाना लावण्याआधी बॅटरीची अर्थची केबल काढा. लग उतरवा, दोन्ही बाजूंचा रंग पॉलिश पेपरने पार धातूपर्यंत घासा, काळवंडलेली वेणी असेल तर नवी घ्या. घट्ट आवळून झाल्यावरच वरून ग्रीस लावा. गिअरबॉक्सपासून शासीला दुसरी पट्टी जोडलीत तरी बिघडणार नाही. मग तेच माप परत घ्या, गाडी तितकीच तापवून.