ते पाकीट आधी डॉक्टरांना दाखव

‘मी ४६ वर्षांची, परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असते. दीड वर्षापासून पाळीचं काही खरं राहिलं नाही. कधी वीस दिवसांत येते, कधी दोन महिने पत्ता नसतो. आली की दहा-अकरा दिवस अंगावरून जातं, गाठी पडतात. रात्री घामाने गाऊन भिजतो, उठून बदलावा लागतो. मागच्या वर्षीचे ब्लाउज दंडाला चढत नाहीत. लेकीवर उगाच ओरडते आणि मग रडत बसते. घरचे सगळे चांगले आहेत. सणावाराला अडचण नको म्हणून गोळ्या असतात, हे न सांगता आणून देतात, तेवढं सुख आहे. मन शांत राहायला काय करू?’

अगं, तुला ‘तू’च म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस. मनाचं नंतर बघू. आधी त्या गोळ्यांचं सांग. ‘गोळ्या असतात’ असं लिहिलंस, घरात साखर-चहापत्ती असावी तसं! किती वेळा घेतल्यास गेल्या वर्षभरात? महालक्ष्म्यांना घेतल्याच असशील. मग नवरात्र, दिवाळी, कुणाचं लग्न, कुणाकडचा सत्यनारायण. मोज एकदा बोटांवर.

पाळी पुढे ढकलायला मेडिकलमध्ये बहुतेक वेळा मिळते ती नोरएथिस्टेरॉनची गोळी. ५ मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा. पाळी येण्याच्या तीन दिवस आधी सुरू करायची, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. तिशीतल्या बाईची तारीख ठरलेली असते, तिचं थोड्या दिवसांत भागतं. तुला तारीखच उरलेली नाही. मग तू सुरू कधी करतेस? कधी येईल सांगता येत नाही म्हणून दहा-दहा दिवस आधीपासून घेत असशील, असं मला वाटतं. आणि सण आटोपला, गोळी थांबवली की धो धो जातं. तुझ्या त्या अकरा दिवसांतले किती दिवस वयाचे आणि किती गोळीचे, हे आज कुठल्याही डॉक्टरला सांगता येणार नाही.

या वयात बीजकोषातून दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही. ज्या महिन्यात सुटत नाही, त्या महिन्यात अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही. अस्तर वाढवणाऱ्या इस्ट्रोजेन या दुसऱ्या हार्मोनवर एकट्यावरच गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि मग निघतं तेव्हा असं निघतं. आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी पाळी थांबते, त्याआधीची काही वर्षं ही अशी ओढाताणीची जातात. हे पुष्कळदा साधं असतं. पण फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयात गाठ असली, थायरॉइड बिघडलेलं असलं, अस्तरातच काही दोष असला, तरीही असंच जातं. बाहेरून फरक कळत नाही. म्हणून पंचेचाळिशीनंतर असं अंगावरून जात असेल तर सोनोग्राफी करतात, गरज वाटली तर अस्तराचा तुकडाही तपासायला पाठवतात. हीच गोळी डॉक्टरही देतात, रक्तस्राव आवरायला. पण तपासून, मोजून देतात. एवढ्या मात्रेत घेतली की तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन होतो, रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. तुझं वजन वाढलंय. बीपी किती आहे, माहीत आहे तुला?

माझ्या थोरल्या वहिनी अशाच गोळ्यांवर सण काढायच्या. एका वर्षी पुरण वाटताना त्यांनी भांडं माझ्याकडे सरकवलं आणि हात टेकून तिथेच बसल्या. तळहात बघितले तर कणकेसारखे पांढरे. हिमोग्लोबिन सहा निघालं. बाईचं बारा तरी हवं. दोन वर्षं सगळं अंगावर काढलं होतं त्यांनी, आणि आम्ही घरातल्या बायका त्यांना ‘कामाचा उरक केवढा’ म्हणत होतो. ते आठवलं की आजही माझा जीव कळवळतो.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल. त्यांनी आणून दिलेल्या गोळ्यांना तू सुख म्हणतेस, मी नाही म्हणणार. सण कधी आहे आणि गोळी कधी हवी, हे ज्या माणसाला न सांगता कळतं, त्याला बायको रात्री उठून गाऊन बदलते हेही दिसत असणार. मेडिकलपर्यंत जाणारे पाय दवाखान्यापर्यंत का नाही गेले? ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण सगळ्यांच्या सोयीचा मार्ग निवडला गेला, आणि तो तुझ्या शरीरावरून गेला. महालक्ष्म्या ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात, त्यांचा दिवस कुणी पुढेमागे करत नाही. ढकलायचं ते तुझ्या पाळीला!

तर एकच कर. घरात असेल ते पाकीट पर्समध्ये टाक आणि या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आठवतील तेवढ्या तारखांना गोल कर, गोळ्या घेतल्या त्या दिवसांवर फुली मार, ते पानही सोबत ने. यांना बरोबर घे, आणि बाहेर बाकावर बसवू नकोस, आत घे. डॉक्टरांनी विचारलं की गोळ्यांचं सगळं खरं सांग. घाम, झोप, चिडचिड यांवरही औषधं आहेत, तीही तिथेच विचार. लेकीला आजच सांग की आईचं असं असं होतंय. ती बारा-चौदा वर्षांची असली तरी तिला कळेल. आणि ब्लाउजसाठी रडू नकोस, शिंप्याने आत माया सोडलेली असते, ती उसवून घे.

डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय यंदा एकही गोळी घ्यायची नाही. महालक्ष्म्यांच्या दिवशीच पाळी आली तर काय, हा प्रश्न तुझ्या मनात आलाच असेल. देवासमोर बसायला माझी तुला ना नाही, पण घरात ते चालत नसेल तर यांनी करायचं. भाद्रपदाला अजून वेळ आहे. मुखवटे बसवणं, साडी नेसवणं, नैवेद्य वाढणं, सगळं शिकता येतं. साडीच्या निऱ्या पहिल्यांदा घालणाऱ्याला फार वेळ लागतो, तेव्हा एका रविवारी जुनी साडी काढून त्यांना शिकवायला बस.