‘मी फारसं बोलत नाही’ : सहमत की असहमत?

प्रश्न लातूरहून आला आहे. मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी संशोधनासाठी प्रौढ स्वयंसेवकांकडून व्यक्तिमत्त्व प्रश्नावली भरून घेते. त्यातलं एक विधान : ‘मी फारसं बोलत नाही.’ समोर ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी पाच घरं. चांगले गप्पिष्ट लोकही इथे अडखळतात, तेव्हा ‘असहमत’ला सोपा शब्द कोणता?

खोट ‘असहमत’मध्ये आहे, पण त्याहून जास्त ‘नाही’मध्ये आहे. तोंडी विचारलं तर माणूस ‘व्हय, नाही बोलत’ म्हणतो, किंवा ‘नाही, बोलतो की!’ पुढचं क्रियापद अर्थ सांभाळून घेतं. कागदावर नुसती खूण करायची, तिथे ‘नाही’ला ‘असहमत’ म्हणजे काय हे ज्याचं त्याने सोडवायचं.

म्हणून ही उलटी विधानं, म्हणजे मोजायच्या गुणाच्या विरुद्ध बाजूने लिहिलेली, गाळू मात्र नका. ओळखीच्या पोरीने कागद दिला म्हणून भिडेखातर सगळीकडे ‘सहमत’ करणारे आपल्याकडे थोडे नाहीत. त्यांचा तोल साधायलाच ती घातलेली असतात आणि त्यांचे गुण उलटे मोजतात, ५ चा १. उलटेपणा राहू द्या, ‘नाही’ काढा. ‘मी अबोल आहे’ चालेल. अबोल, भिडस्त, तापट ही विशेषणं बाईपुरुषांना सारखीच, त्यामुळे ‘बोलतो/बोलते’ची तिरकी रेघ टळते. पण ‘अबोल’ मूळ विधानापेक्षा जरा कडक आहे. मी ‘माझं बोलणं कमीच असतं’ असं लिहीन. ‘घुमा’ नको. ते दूषण आहे, स्वतःला कोण घुमा म्हणवून घेईल?

आता घरांविषयी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्टने १९३२ साली ही मोजपट्टी मांडली ती लोकांची मतं, अभिवृत्ती मोजायला. मताशी सहमत होता येतं; स्वतःच्या स्वभावाशी सहमत होणं मराठीत अवघडच वाटतं. त्यापेक्षा ‘माझ्याबाबत अगदी खरं’पासून ‘माझ्याबाबत साफ चुकीचं’पर्यंत घरं करा, मधल्याला ‘अधलंमधलं’. ‘खरं नाही’ लिहिलंत तर तोच ‘नाही’ मागच्या दाराने परत येईल.

शब्द बदलले की मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या कुणाकडून उलट भाषांतर, म्हणजे मराठीतून परत मूळ भाषेत, करून मूळाशी ताडून घ्याच. आणि वाटण्याआधी लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या एखाद्या दुकानदाराला मोठ्याने वाचायला सांगा. जिथे तो थांबून तुमच्याकडे बघेल, ते वाक्य पुन्हा लिहायचं.