‘हील-अँड-टो’ला मराठीत काय म्हणावे? पेडल ‘समायोजित’ करावे की ‘जुळवावे’?

मोटारींविषयी मराठीत लिहू पाहणाऱ्या एका वाचकाने असे विचारले आहे की, स्पोर्ट्स कार ‘हील-अँड-टो’ पद्धतीने चालवणे सोपे जावे म्हणून तिच्या पेडलांत कोणते फेरफार करावेत, यावरील लेखासाठी त्यांनी ‘टाच-अंगठा चालनासाठी पादपट्टांचे समायोजन’ अशी शब्दयोजना केली आहे, ती कितपत योग्य आहे? माझ्या मते यातील ‘अंगठा’ चुकीचा आहे आणि ‘पादपट्ट’ अनावश्यक आहे. ‘समायोजन’ चुकीचे नसले, तरी जे सांगायचे आहे तेच त्यात झाकले जाते. या तिन्हींचा विचार करण्यापूर्वी पाय नेमके काय करतो ते पाहिले पाहिजे, कारण इंग्रजी नाव ऐकून डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते आजच्या चालकाच्या पायाचे नाही.

वळणाकडे वेगाने येणारी मोटार वळणापूर्वी हळू करायची असते आणि वळणातून बाहेर पडताना जोर मिळावा म्हणून गिअरही खाली घ्यायचा असतो. समजा, चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत आहे आणि त्या मोटारीत त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये ५००० फेरे लागतात. क्लच दाबून गिअर बदलला आणि क्लच तसाच सोडला, तर हे जादा हजार फेरे इंजिनाला चाकांकडून ओढून घ्यावे लागतात; गाडीला हिसका बसतो आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळणारी मोटार असेल तर वळणाच्या तोंडावर तीच चाके घसरण्याची भीती असते. म्हणून क्लच दाबलेला असतानाच क्षणभर रेस देऊन इंजिनाचे फेरे वाढवून घ्यायचे, मग क्लच सोडायचा. अडचण एवढीच की डावा पाय क्लचवर गुंतलेला, उजवा ब्रेकवर गुंतलेला, आणि तिसरा पाय माणसाला नाही. तेव्हा उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर तसाच दाबून ठेवून त्याच पावलाची बाहेरची कड, म्हणजे करंगळीकडची बाजू, ॲक्सिलरेटरवर झुकवायची. काही मोटारींत पाऊल आडवे वळवून खरोखरच टाचेने तो दाबायचा. हेच ‘हील-अँड-टो’.

यावरून स्पष्ट होईल की येथे अंगठ्याला स्वतंत्र काम नाही. इंग्रजीतील ‘टो’ हा शब्द पायाच्या एखाद्या बोटासाठी वापरला जातो, तसाच पावलाच्या किंवा बुटाच्या पुढच्या भागासाठीही. आपल्याकडे पायाचा ‘अंगठा’ म्हणजे एकच बोट, आणि ‘टाच-अंगठा’ वाचणारा नवशिका अंगठ्याच्या टोकाने ब्रेक दाबू लागला तर तो दोष शब्दाचा असेल. पावलाच्या पुढच्या भरीव भागाला मराठीत नेमका आणि जुना शब्द आहे, तो म्हणजे ‘चवडा’. चवड्यांवर बसणे, चवड्यांवर चालणे, गर्दीत चवड्यांवर उभे राहून पाहणे, या साऱ्या प्रयोगांत शरीराचा भार पेलणारा जो भाग अभिप्रेत आहे, त्यानेच ब्रेक दाबायचा असतो. तेव्हा ‘टाच-चवडा’ हा शब्द अर्थाला अधिक चोख बसतो.

क्रमाचा प्रश्नही कोणी उपस्थित करील. इटालियन आणि स्पॅनिश भाषांत याच कौशल्याच्या नावात पावलाचे टोक आधी आणि टाच नंतर येते (‘पुंता-ताक्को’, ‘पुंता-ताकोन’), तर फ्रेंच ‘तालों-प्वँत’ आणि जर्मन ‘हाके-श्पित्से’ यांत इंग्रजीप्रमाणे टाच आधी येते. कृतीचा क्रम पाहिला तर चवड्याचे काम आधी सुरू होते, हे खरे. पण समासात कानालाही मत असते. द्वंद्वात कमी स्वरांचा शब्द आधी यावा असे ‘अल्पाच्तरम्’ या सूत्रात पाणिनीने सांगितले आहे, आणि मराठीवर त्याचे बंधन नसले तरी मीठ-भाकर, ऊन-पाऊस असे म्हणणारी आपली जीभ बहुधा त्याच वाटेने जाते. ‘चवडा-टाच’ म्हणताना ती अडखळते. शेवटचे पद पुल्लिंगी असल्याने समासही पुल्लिंगी एकवचनी ठेवावा, आणि वाक्यात ‘त्याने टाच-चवड्याने गिअर खाली घेतला’ असा सरळ प्रयोग करावा. त्यापुढे ‘चालन’ जोडण्याचे कारण नाही. ही मोटार चालवण्याची वेगळी रीत नसून गिअर खाली घेण्याची एक युक्ती आहे.

मग नावात टाच मुळात आलीच कशी? पूर्वीच्या अनेक स्पोर्ट्स आणि शर्यतीच्या मोटारींत ॲक्सिलरेटर उजवीकडे नसून क्लच आणि ब्रेक यांच्या मधोमध असे आणि ब्रेक सर्वांत उजवीकडे असे. हुआन मान्वेल फांजिओ या अर्जेंटिनाच्या शर्यतपटूने १९५७ साली नुर्बुर्गरिंगवरची जर्मन ग्राँ प्री ज्या मासेराती २५०एफ मोटारीत जिंकली, ती याच रचनेची होती. अशा मोटारीत चवडा उजवीकडच्या ब्रेकवर असताना टाच मधल्या ॲक्सिलरेटरवर ठेवणे पावलाच्या नैसर्गिक ठेवणीला धरूनच होते. पुढे ॲक्सिलरेटर उजवीकडे स्थिरावला, टाचेची जागा बऱ्याच अंशी पावलाच्या कडेने घेतली, पण नाव तेच राहिले. एरवी टाचेचा आणि वेगाचा संबंध मराठीलाही परका नाही. घोडा दौडवायचा तर स्वार त्याला ‘टाच मारतो’. इंजिनाला टाच मारणे हा प्रयोग एखाद्या लेखकाने केला तर मला तो आवडेल. मात्र तो मथळ्यात एकटा टाकू नये, कारण पगारावर आणि मालमत्तेवर येणारी ‘टाच’ वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना आधी आठवते.

क्षणभर रेस देण्याच्या क्रियेसाठी नवा शब्द घडवण्याची गरज मला वाटत नाही. ‘रेस देणे’ हा चालकांचा रोजचा शब्द आहे. ट्रक आणि एसटीच्या जुन्या चालकांच्या तोंडी असलेला ‘डबल क्लच’ हाही याच कुळातला आहे. गिअरपेटीत सिंक्रोमेश, म्हणजे गिअर पडण्यापूर्वी आतल्या भागांचे वेग सारखे करणारी योजना, नसे तेव्हा गिअर खाली घेण्यासाठी क्लच दाबून न्यूट्रल करायचा, क्लच सोडून रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा, असे दुहेरी काम करावे लागे. सिंक्रोमेश १९२८ मध्ये कॅडिलॅकने आणला आणि पुढे ही कसरत बहुतेक मोटारींत अनावश्यक झाली. टाच-चवड्यात डबल क्लच करता येतो, पण करावाच लागतो असे नाही. टाच-चवड्याचा विशेष म्हणजे ब्रेक न सोडता रेस देणे. लेखात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी.

आता ‘पादपट्ट’. सायकलीच्या बाबतीत मराठीने इंग्रजी शब्दात आपला ‘पाय’ घालून ‘पायडल’ केले, आणि ते इतके रुळले की ते उसने आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण पेडलाचे नावच सहसा घेत नाही. ‘ब्रेक दाब’, ‘क्लच सोड’, ‘ब्रेक फार खाली लागतो’, ‘क्लच वर आला आहे’ अशी वाक्ये चालक आणि मेकॅनिक बोलतात, आणि त्यांत पेडल, आतली यंत्रणा आणि तिचा परिणाम हे तिन्ही एकाच शब्दात सामावलेले असतात. रोजच्या व्यवहाराला ही काटकसर पुरते. आपल्या विषयाला ती पुरत नाही, कारण ‘ब्रेक सेट केला’ असे लिहिले तर चाकाजवळची ब्रेकची यंत्रणा जुळवली की पायाखालचे पेडल वर-खाली केले, हे वाचकाला कळणार नाही. म्हणून येथे ‘ब्रेकचे पेडल’, ‘ॲक्सिलरेटरचे पेडल’ असे पूर्ण लिहावे. ‘पादपट्ट’ लिहिल्याने अर्थ अधिक स्पष्ट होत नाही, केवळ वाचक थबकतो.

पेडलांच्या एका प्रकाराला इंग्रजीत वाद्यावरून नाव पडले आहे आणि ते मराठी वाचकाला समजावणे अगदी सोपे आहे. बहुतेक मोटारींत पेडल वरून टांगलेले असते, तर काहींत ते तळाशी बिजागरीवर बसवलेले असते. या दुसऱ्या प्रकाराला ‘ऑर्गन’ पेडल म्हणतात. संगीत नाटकांच्या साथीतला ऑर्गन किंवा पायपेटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आणखी खुलाशाची गरज नाही. जुन्या पोर्शे ९११ मध्ये तिन्ही पेडल तळातून वर आलेली असत, आणि माझ्दा एमएक्स-५ च्या २०१५ सालच्या पिढीत ॲक्सिलरेटर असा आहे. टाच-चवड्याला हा प्रकार सोयीचा, कारण अशा पेडलाची पट्टी खालपर्यंत पोहोचते आणि वळवलेल्या पावलाच्या मागच्या भागालाही दाबायला काहीतरी सापडते.

मुख्य मुद्दा क्रियापदाचा आहे. ‘समायोजन’ हा शब्द खुर्चीच्या उंचीपासून हिशेबातल्या रकमांपर्यंत कशालाही लावता येतो, आणि म्हणूनच तो काही सांगत नाही. पेडल ‘बसवणे’ म्हणजे नवे लावणे. ‘वर घेणे’, ‘खाली घेणे’ म्हणजे एकट्या पेडलाची उंची बदलणे. टाच-चवड्यासाठी जे करायचे असते ते मात्र दोन पेडलांमधले नाते ठरवणे होय, आणि त्यासाठी तंबोऱ्याच्या तारांसारखे ‘जुळवणे’ हेच क्रियापद योग्य आहे. एकटे ब्रेकचे पेडल कितीही चांगले असो, शेजारच्या ॲक्सिलरेटरशी ते जुळले नसेल तर पाऊल दोन्हींवर राहू शकत नाही.

हे जुळणे कोणत्या स्थितीत पाहायचे, ही गोष्ट लेखात ठळकपणे यायला हवी. मोटार उभी असताना ब्रेकचे पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा बरेच वर दिसते, आणि ते पाहून पुष्कळ जण ते खाली घ्यायला धावतात. पाहायचे असते ते ब्रेक जोरात दाबलेला असतानाचे. त्या वेळी ब्रेकचे पेडल खाली जाऊन ॲक्सिलरेटरच्या जवळजवळ पातळीला यावे, पण किंचित वरच राहावे. ते ॲक्सिलरेटरच्याही खाली जात असेल तर ऐन ब्रेकच्या वेळी बुटाची कड नको असताना रेस देईल. शर्यतीच्या मार्गावर जसा ब्रेक दाबतात तसा रोजच्या रस्त्यावर कोणी दाबत नाही, त्यामुळे तेथे पेडल वरच राहते आणि टाच-चवडा अवघड जातो. शिकणाऱ्याला हा आपल्या पायाचा दोष वाटतो, प्रत्यक्षात ती जुळवणीची मर्यादा असते.

जुळवण्याचे मार्ग फार नाहीत. ॲक्सिलरेटरच्या पेडलावर ब्रेककडे थोडी सरकलेली किंवा खाली लांबवलेली धातूची पट्टी बसवता येते. पेडल फार खोल असेल तर पट्टीखाली ठोकळा देऊन किंवा इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर असल्यास त्याच्या बैठकीत जाड चकत्या घालून ते पुढे आणता येते. काही मोटारींत ब्रेकच्या पेडलामागची दांडी कमी-अधिक करून त्याची उंची बदलता येते. येथे लेखकाने सावधगिरीच्या सूचना कंसात न टाकता स्पष्ट वाक्यांत द्याव्यात. दांडीला मेकॅनिक ज्याला ‘प्ले’ म्हणतात ती थोडी मोकळी चाल राहिलीच पाहिजे, नाहीतर पाय काढल्यावरही मास्टर सिलिंडर (पेडलाचा दाब ब्रेकच्या तेलाला देणारा भाग) पूर्ण मागे येत नाही आणि ब्रेक धरून राहतात. पेडलाची उंची बदलल्यावर ब्रेक लाइटचा स्विचही पुन्हा लावून घ्यावा लागतो. ॲक्सिलरेटर पुढे आणल्यावर तो तळापर्यंत पूर्ण दाबला जातो का, आणि पट्टीची कड पायपुसण्यात अडकत नाही ना, हे मोटार बंद असताना हाताने दाबून पाहावे.

दोन पेडलांमधले अंतर कमी करण्याचा मोह आवरावा. रस्त्यावरच्या मोटारींत ते अंतर आणि उंचीतला फरक मुद्दाम ठेवलेला असतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात ऑडी ५००० आपोआप वेग घेते अशा तक्रारी गाजल्या. तेथील महामार्ग सुरक्षा यंत्रणेच्या १९८९ च्या अभ्यासात त्याचे मुख्य कारण ब्रेक समजून ॲक्सिलरेटरवर पडलेला पाय हे निघाले, आणि पेडलांची ठेवण त्या चुकीला हातभार लावते असेही दिसले. शर्यतीचे अरुंद बूट घालून जे अंतर सोयीचे वाटते, तेच रुंद तळव्याच्या बुटाला किंवा घरातल्या दुसऱ्या चालकाला धोक्याचे ठरू शकते. म्हणून मी तरी ‘पेडल जवळ आणणे’ हा शब्दप्रयोग टाळून ‘पेडल जुळवणे’च लिहीन, त्यात अंतर घटवण्याचे गृहीत धरलेले नाही.

एका बाबतीत मात्र जुळवणीने काही साधत नाही. अनेक नव्या मोटारींत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेले तर संगणक ॲक्सिलरेटरचा आदेश बाजूला ठेवतो. ही सुरक्षेची तरतूद आहे, पण काही मोटारींत ती इतकी तत्पर असते की टाच-चवड्याची रेसही तिच्यात गिळली जाते, आणि पट्ट्या कितीही नीट बसवल्या तरी इंजिन ढिम्म राहते. उलट २००९ मध्ये विक्रीस आलेल्या निस्सान ३७०झेड मध्ये गिअर खाली घेताना मोटार स्वतःच रेस देते आणि चालकाचा पाय ब्रेकवरून हलत नाही. तेथे ‘टाच-चवडा’ लिहू नये. ‘आपोआप रेस जुळणे’ एवढे लिहिले की पुरते.