व्हीएचएफवर डीएससी कॉल आला तर कोणतं बटण दाबायचं?

तुम्ही विचारलंय की बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओ संचावर अचानक अलार्म वाजून डिजिटल कॉल (डीएससी, म्हणजे आवाजाऐवजी डिजिटल संदेशाने बोलावणं) आला, तर नेमकं काय दाबायचं.

आधी काहीच नाही. पडदा वाचा. हे कॉल चॅनल ७० वरून येतात (त्यावर बोलायचं नसतं) आणि प्रत्येकासोबत त्याचा प्रकार दिसतो: डिस्ट्रेस (संकट), अर्जन्सी (तातडी), सेफ्टी (सुरक्षेची सूचना) किंवा रुटीन (नेहमीचा). पुढचं सगळं त्या एका शब्दावर ठरतं.

रुटीन सोपा. बोलावणाऱ्याचा नऊ आकडी एमएमएसआय (रेडिओ संचाचा ओळख क्रमांक) आणि त्याने सुचवलेला चॅनल दिसतो. आकड्याच्या सुरुवातीला दोन शून्यं असतील तर कॉल किनाऱ्यावरच्या केंद्राचा आहे. तुम्ही स्वीकारलंत की पोच जाते, संच त्या चॅनलवर जातो. बोलायला सुरुवात बोलावणाऱ्याने करायची. तुम्हाला जमणार नसेल तर नकाराची पोच द्या, म्हणजे तो ताटकळत राहणार नाही. सर्व जहाजांना उद्देशून आलेल्या अर्जन्सी किंवा सेफ्टी कॉलला पोच द्यायची नसते, सांगितलेल्या चॅनलवर फक्त ऐकायचं.

डिस्ट्रेसचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे चांगल्या हेतूनेच चूक होते. अलार्म बंद करा, अक्षांश-रेखांश आणि वेळ कागदावर उतरवा, चॅनल १६ वर (संकटातलं बोलणं इथे होतं) कान ठेवा. डीएससीने पोच देऊ नका. संकटातला संच पोच मिळेपर्यंत साधारण दर चार मिनिटांनी तोच इशारा पुन्हा पाठवत असतो. तुमची पोच गेली की तो थांबतो, आणि किनाऱ्यावरच्या केंद्राने अजून ऐकलंच नसेल तर त्यांना कळायची वाट तुम्हीच बंद केलेली असते. थोडं थांबूनही कोणी उत्तर देत नसेल आणि तुम्ही जवळ असाल, तर १६ वर तोंडी पोच द्या: ‘मेडे’, त्यांचा एमएमएसआय, तुमच्या बोटीचं नाव, ‘रिसीव्ह्ड मेडे’. मग मेडे रिले करून, म्हणजे त्यांची संकटाची हाक पुढे पोचवून, किनाऱ्याला कळवा.

एका रात्री आमच्यातल्या एकाने दचकून, न वाचताच कॅन्सल दाबलं. आलेल्या कॉलच्या लॉगमध्ये जागा नोंदलेली होती, पण तो लॉग मेनूत कुठे आहे हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. शोधण्यात गेलेली ती मिनिटं मी विसरलेलो नाही. तुमच्या संचावर तो कुठे आहे, ते बोट धक्क्याला असतानाच बघून ठेवा.