वाचकांचे प्रश्न : समीक्षकांचा कौल

प्रश्न : अमेरिकेतील समीक्षकांच्या संस्था एकाच वर्षी वेगवेगळे चित्रपट सर्वोत्कृष्ट कसे ठरवतात?

उत्तर : आपण म्हणता तसे 2024 मध्ये खरोखरच घडले. न्यू यॉर्कच्या समीक्षकांनी ‘द ब्रूटलिस्ट’, लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी ‘अनोरा’, तर नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सने ‘निकेल बॉइज’ निवडला. कारण मतदानाच्या रीतीतही आहे. नॅशनल सोसायटीत प्रत्येक सभासद पसंतीक्रमाने तीन नावे लिहितो, त्यांना अनुक्रमे तीन, दोन व एक गुण मिळतात, आणि सर्वाधिक गुण मिळूनही ते नाव निम्म्याहून अधिक मतपत्रिकांवर नसेल तर पुन्हा मतदान होते. सभासद मोजके असल्याने चारदोघांची आवड बदलली तरी निकाल फिरतो. मला हा दोष वाटत नाही. हजारो मतदारांच्या ऑस्करपेक्षा येथे धाडसी कृतीला अधिक वाव मिळतो. 1941 साली न्यू यॉर्कच्या समीक्षकांनी ‘सिटिझन केन’ निवडला होता, ऑस्कर मात्र ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ला मिळाले.

आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे, 2024 मध्येच न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिस या दोन्ही ठिकाणी परभाषी चित्रपटाचा मान पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला मिळाला. मुंबईच्या लोकलमधून निघून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पोहोचणाऱ्या या चित्रपटाला ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका होता आले नाही, याची खंत मला आजही आहे.