प्रमोटरने पाच वर्षांचा करार दिलाय, बॉक्सर भावाने सही करावी का?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ २१ वर्षांचा आहे, राज्य पातळीवर पदकं आहेत, आणि एक प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा, सहीच्या दिवशी दोन लाख रोख देऊन पाच वर्षांचा करार करायला तयार आहे. टीव्हीवर बॉक्सर कोट्यवधी कमावताना दिसतात, मग भावाच्या हातात नेमकं काय पडेल आणि सही करावी का, असं तुम्ही विचारताय.

मी अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. शेती आहे, आणि संध्याकाळी शाळेमागच्या टिनाच्या शेडमध्ये पंधरा-वीस पोरापोरींना बॉक्सिंग शिकवतो. अकोल्याची क्रीडा प्रबोधिनी बॉक्सिंगसाठी ओळखली जाते, त्यामुळे आमच्याकडच्या खेड्यातही हा खेळ परका राहिलेला नाही. माझा एक विद्यार्थी तीन वर्षांपूर्वी प्रोफेशनल झाला. त्याचा करार मी सहीच्या आधी वाचायला हवा होता, तो वाचला नाही. तुमचा प्रश्न दिसला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, तरी लगेच लिहायला बसलो.

आधी पैशाचं. बाजार समितीत सोयाबीनचा पुकारलेला भाव आणि पट्टीवर शेवटी उरलेला आकडा यात किती अंतर असतं हे तुम्हाला सांगायला नको. ओलाव्याची कटती, हमाली, तोलाई, गाडीभाडं. बॉक्सरच्या 'पर्स'चंही तसंच असतं. पर्स म्हणजे लढतीचे ठरलेले पैसे, पेपरात छापून येतो तो आकडा. त्यातून मॅनेजरचा, म्हणजे बॉक्सरच्या वतीने व्यवहार बघणाऱ्याचा, वाटा जातो. अमेरिकेत नेवाडासारख्या राज्यात तो जास्तीत जास्त एक तृतीयांश असावा अशी मर्यादा आहे, आणि बरेचदा तो तिथवर पोचलेला असतो. कोचला साधारण १० टक्के द्यायची रीत आहे. लढत किताबाची असेल तर किताब देणारी संघटना आपली फी घेते, ती बहुधा पर्सच्या ३ टक्के. म्हणजे एक लाखाची पर्स असेल तर ३३ हजार मॅनेजरचे, १० हजार कोचचे, ३ हजार संघटनेचे. उरले ५४ हजार. त्यातून दोन महिन्यांचा खुराक, सरावासाठी आणलेले जोडीदार, राहणं, प्रवास. वर आपल्याकडे १० टक्के टीडीएस कापला जातो. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो, पण खेड्यातला पोरगा रिटर्न भरतच नाही आणि ते पैसे तसेच राहून जातात.

आता माझ्या विद्यार्थ्याचं सांगतो. पहिली लढत चार राउंडची, ठरलेले पैसे २५ हजार. दुसऱ्या राज्यातल्या एका शहरात, हॉटेलच्या हॉलमध्ये. लढतीच्या तीन आठवडे आधी त्याच्याकडे ५०० रुपयांची ४० तिकिटं आली आणि सांगितलं गेलं की ही तू विकायची. आमच्या गावातून कोण जाणार तिथे? तरी मित्रांनी, त्याच्या मामाने, किराणा दुकानवाल्याने मिळून १५ घेतली, बहुतेकांनी न जाण्यासाठीच. लढत तो जिंकला. रात्री साडेबाराला हॉटेलच्या मागे, जिथे भांडी धुतात तिथल्या ट्यूबलाइटखाली, एका माणसाने त्याच्या हातात पाकीट दिलं. त्याचा उजवा हात सुजला होता, नोट चिमटीत धरता येत नव्हती, म्हणून मी मोजले. साडेसहा हजार. पाकिटावर पेनाने लिहिलं होतं: न विकलेली २५ तिकिटं, १२ हजार ५००. रक्ततपासणी, डोळे, एमआरआय मिळून ४ हजार २००. लायसन्स १ हजार ८००. पोरगा म्हणाला, "सर, पाह्यजा बरं परत. चुकले असन तुमच्यानं." मी परत मोजले. जाण्यायेण्याला आमचे ३ हजार ४०० लागले होते, म्हणजे नाकावर बसलेल्या तीन ठोशांचे आणि एका विजयाचे घरी आले ३ हजार १००.

यात फसवणूक झाली असं मी म्हणत नाही. छोट्या हॉलमधल्या लढती बऱ्याच ठिकाणी अशाच चालतात. इंग्लंडमध्येही नवा बॉक्सर स्वतः तिकिटं विकतो, आणि त्या विक्रीतूनच त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे पैसेसुद्धा निघावे लागतात. ज्याला तिकिटं विकता येत नाहीत त्याला दुसऱ्याच्या गावात हरायला बोलावलं जातं. मला राग आहे तो एवढाच की हे सगळं करारात होतं, सातव्या पानावर, इंग्रजीत, आणि आम्हाला कळलं ते पाकिटावर.

प्रमोटरची बाजूही समजून घ्या, कारण ती समजल्याशिवाय करार कळत नाही. माझी बहीण ब्रह्मपुरीकडे दिली आहे, तिकडे झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाटकं चालतात. शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा मंडई (गावची जत्रा) असली की गावचं मंडळ वडशाच्या नाटक कंपनीशी नाटक ठरवतं. कंपनीची रक्कम ठरलेली, कलाकाराची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, ठरलेली, आणि तिकीटबारी मंडळाची. मांडव भरला तर मंडळ कमावतं, अवकाळी पाऊस आला तर मंडळाचे कार्यकर्ते घरून पैसे भरतात. प्रमोटर म्हणजे ते मंडळ. हॉल, रिंग, पंच, डॉक्टर, अँब्युलन्स, दोन्ही कोपऱ्यांतल्या बॉक्सरांचे पैसे, सगळं तो आधी लावतो. मग तिकिटं, टीव्ही, जाहिरातदार, आणि मोठ्या लढतीत यजमान शहराने किंवा सरकारने दिलेले पैसे, यातून काढतो. १९७४ मध्ये मोहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन या बॉक्सरांना आफ्रिकेतल्या किन्शासात प्रत्येकी ५० लाख डॉलर मिळाले ते तिकिटांवर नव्हे, झैरेच्या (आताच्या काँगोच्या) मोबुटू सरकारच्या पैशावर.

आणि मंडळ बुडतं तेव्हा काय होतं? अमेरिकेच्या मोंटाना राज्यात शेल्बी नावाचं छोटं गाव आहे. जवळ तेल सापडल्यावर गावाला वाटलं, जगज्जेता जॅक डेम्प्सी इथे लढला तर आपलं नाव होईल. डेम्प्सीच्या मॅनेजरने तीन लाख डॉलर मागितले, तीन हप्त्यांत. गावाने ४० हजार लोक बसतील असं लाकडी स्टेडियम उभारलं. ४ जुलै १९२३ ला तिकीट काढून आले साडेसात हजारांच्या आसपास. तिसरा हप्ता भरता आला नाही, तर मॅनेजरने तिकीटबारीच ताब्यात घेतली आणि पैसे घेऊन निघून गेला. पुढे त्या भागातल्या चार बँका बुडाल्या. मला या गोष्टीतला टॉमी गिबन्स विसरता येत नाही. तो डेम्प्सीसमोर पूर्ण १५ राउंड उभा राहिला आणि त्याला पर्स म्हणून काहीही मिळालं नाही. त्याचे पैसे तिकिटांच्या वाट्यातून यायचे ठरले होते. म्हणून 'वाटा' हा शब्द ऐकून भावाने हुरळून जाऊ नये. किमान रक्कम ठरलेली हवी, वाटा त्याच्या वर.

आता मुदतीचं, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा जीव इथे आहे.

आपल्याकडे सालदार, म्हणजे वर्षभराचा शेतगडी, ठेवताना पाडव्याला साल ठरतं. उचल दिली जाते. उचल फिटली नाही तर सालदार पुढच्या पाडव्यालाही त्याच वाड्यात. तुमच्या भावाला मिळणारे दोन लाख बक्षीस आहे की उचल, हे पहिल्यांदा बघा. माझ्या विद्यार्थ्याला सहीच्या वेळी मिळालेले ६० हजार पुढच्या पर्समधून वळते होणार होते, आणि तोवर करार संपत नव्हता. शिवाय मुदतवाढीची कलमं असतात. दुखापत झाली तर तेवढे महिने पुढे. लढत नाकारली तर पुढे. किताब जिंकला तर आणखी दोन-तीन वर्षं पुढे. शेवटचं नीट वाचा: पोरगा जिंकून महाग झाला की नेमका त्याच वेळी तो जुन्या भावात बांधलेला राहतो.

प्रमोटरचं म्हणणं असतं की मी वीस पोरांवर पैसे लावतो, एकच निघतो, त्या एकातून एकोणिसांचा खर्च भरायचा असतो. यात तथ्य आहे. पण त्या एकाला आपल्या लढतीतून किती आले हे दिसायला हवं. अमेरिकेत मोहम्मद अली यांच्या नावाचा कायदा २००० साली झाला तो याचसाठी. प्रमोटरने लढतीतून आपल्याला काय मिळतं आणि बॉक्सरच्या पैशातून काय कापलं हे त्याला सांगायचं. मोठ्या लढतींत मॅनेजरचा प्रमोटरच्या धंद्यात हितसंबंध नसावा. आणि 'अमक्याशी लढायचं असेल तर आधी माझ्याशी करार कर' अशा अडवणुकीच्या कराराला १२ महिन्यांची मर्यादा. माईक टायसनने ३० कोटी डॉलरहून जास्त कमावले आणि २००३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याने आपला प्रमोटर डॉन किंग याच्यावर १० कोटी डॉलरचा दावा लावला होता, तो २००४ मध्ये १ कोटी ४० लाखांवर मिटला. टायसनने उधळलेही खूप, पण हिशोब दुसऱ्याच्या वहीत होता हेही तितकंच खरं.

अमेरिकन बॉक्सर फ्लॉइड मेवेदरचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. २ मे २०१५ ला फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओशी झालेली त्याची लढत अमेरिकेत सुमारे ४६ लाख घरांनी जवळपास १०० डॉलर मोजून पाहिली, आणि दोघांत ६०-४० अशी वाटणी होती. त्याआधी २००६ मध्ये मेवेदरने साडेसात लाख डॉलर भरून जुन्या प्रमोटरच्या करारातून स्वतःला सोडवून घेतलं होतं, हे कोणी सांगत नाही. बाहेर पडायची किंमत करारात लिहिलेली होती, म्हणून तो बाहेर पडू शकला. तुमच्या भावाच्या करारात तशी रक्कम लिहिली आहे का? नसेल तर लिहून घ्या, आणि ती त्या दोन लाखांच्या मानाने असू द्या.

अलीच्या नावासारखा कायदा आपल्याकडे नाही. पण भारतीय करार कायद्याचं, १८७२ च्या, कलम २७ आहे. कोणाला त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेत रद्दबातल. आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानची केस यावरच गेली. मार्केटिंग कंपनीशी असलेला त्याचा करार संपला, तरी नव्या कंपनीचा प्रस्ताव आधी आम्हाला दाखव अशी जुन्या कंपनीची अट होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने मनाई हुकूम द्यायला नकार दिला. तेव्हा करार संपल्यावरही अडकवणारी अट असेल तर वकिलाला हे कलम दाखवा. मात्र मुदत चालू असताना ते इतकं सहज मदतीला येत नाही, म्हणून मुदतच लहान ठेवायची.

एक गोष्ट प्रमोटर सांगणार नाही. भावाला सरकारी नोकरीची आशा असेल, तर खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात मान्यताप्राप्त संघटनांच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं आणि क्रीडा खात्याची पडताळणी लागते. प्रोफेशनल लढत जिंकल्याचा पट्टा तिथे कामाचा नाही. बॉक्सर विजेंदर सिंग २०१५ मध्ये प्रोफेशनल झाला तेव्हा त्याच्याकडे बीजिंगचं ऑलिंपिक पदक होतं आणि हरियाणा पोलिसात डीएसपीची नोकरी होती. तो करार करायला बसला तेव्हा समोरच्याला त्याची गरज होती. तुमच्या भावाचं राष्ट्रीय पदक अजून व्हायचं असेल तर मी एक वर्ष थांबा म्हणेन. २२ म्हणजे काही उशीर नाही.

थांबायचं नसेल, तर मी भावासाठी काय मागेन ते सांगतो. दोन वर्षं, जास्त नाही. वर्षाला किमान चार लढती, आणि त्या नाही दिल्या तर करार आपोआप संपेल असं स्पष्ट वाक्य. प्रत्येक लढतीची किमान रक्कम राउंडच्या संख्येनुसार लिहिलेली. तिकिटं विकली नाहीत तर कापायची नाहीत. तपासण्या आणि प्रवास प्रमोटरकडे. रिंगमध्ये दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोण देणार ते आकड्यासह, विमा असेल तर पॉलिसीची प्रत. पैसे बँकेत, सात दिवसांत, कपातीच्या लेखी पट्टीसह. आणि मॅनेजर प्रमोटरचा भाऊ, भाचा किंवा भागीदार नको. याला तो नाही म्हणाला तर कशाकशाला नाही म्हणतोय तेवढं लिहून ठेवा, त्यावरून माणूस कळतो.

माझा विद्यार्थी आता पोलीस भरतीची तयारी करतोय, सकाळी पाचला मूर्तिजापूर रस्त्यावर पळतो. त्याच्या कराराचे अजून १४ महिने बाकी आहेत, त्यामुळे दुसऱ्या कोणी भरवलेल्या लढतींत त्याला लढता येत नाही, आणि यांनी दीड वर्षात त्याला बोलावलेलं नाही.

भावाच्या करारात 'मुदतवाढ' कुठल्या कलमात आहे आणि दोन लाखांपुढे नेमका कोणता शब्द लिहिला आहे, हे खाली कळवा. कागदाचा फोटो टाकू नका, फक्त ती दोन वाक्यं टाका. आणि तोवर सही करू देऊ नका, प्रमोटर कितीही घाई करत असला तरी.