बाबा दिवसभर पक्ष्याशीच बोलतात, हे नॉर्मल आहे का?

हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो, कधी मुलगी विचारते कधी सून, आणि विचारताना आवाज एकदम खाली येतो, म्हणजे घरातलं माणूस भ्रमिष्ट झालंय असं मनात धरूनच आलेले असतात. एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

काका एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. काकू गेल्यावर काही महिन्यांनी मुलाने विरंगुळा म्हणून कॉकाटील आणून दिला, म्हणजे तो राखाडी अंगाचा, पिवळी शेंडी आणि गालावर केशरी ठिपका असलेला छोटा पोपट. सुनेचं म्हणणं, बाबा उठल्यापासून त्याच्याशीच बोलतात, लग्नकार्याला येत नाहीत, नातवाच्या गॅदरिंगलासुद्धा आले नाहीत, का तर "तो एकटा राहत नाही". मुलगा तर पक्षी कुणालातरी देऊन टाकू इथपर्यंत आला होता.

काकांशी मी वेगळं बोलले. माणूस एकदम टकाटक. पेन्शन, बीपीची गोळी, लाइटबिल, सगळं लक्षात, झोप बरी, जेवण बरं. त्याला तुमचं बोलणं समजतं का विचारलं तर हसले, म्हणाले, "अहो मॅडम, त्याला काय कळतंय, पण मान तिरकी करून ऐकतो तरी. ही गेल्यापासून घरात माझं वाक्य कोण पुरं होऊ देतं?" सून तेव्हा बाहेर बसली होती ते बरं.

तर बोलण्याची काळजी नकोच. माणूस जेवायचं सोडतोय, औषध विसरतोय, रात्र रात्र जागतोय, किंवा पक्षी मला अमुक कर म्हणून सांगतो असं खरंच मानतोय, तर सायकियाट्रिस्टकडे न्या, उशीर करू नका. इथे तसं काही नव्हतं. इथे अडचण होती ती घराबाहेर न पडण्याची, आणि त्याला कारणही खरं होतं, काका नजरेआड झाले की पक्षी किंचाळायचा आणि छातीची पिसं उपटायचा.

हे पक्षी थव्यात राहणारे, आपलं माणूस दिसेनासं झालं की हाक मारतात, आणि प्रत्येक किंचाळीला आपण धावत गेलो की किंचाळलं की माणूस येतं एवढंच ते शिकतात. पण पिसं उपटण्यामागे आजारही असू शकतो, म्हणून आधी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. आजार निघाला नाही, पण खाणं नुसतं सूर्यफुलाच्या बियांचं होतं, हॉलमध्ये रात्री अकरापर्यंत टीव्ही (त्याला दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते), आणि काका प्रेमाने पाठीवरून हात फिरवायचे, त्याने तो वयात आलेला पक्षी जोडीदार समजून आणखीनच चिकटतो, डॉक्टर म्हणाले फक्त डोकं आणि मान खाजवा. स्वयंपाकघरातला नॉनस्टिक तवाही बंद करायला लावला, तापून त्याचा धूर झाला तर पक्षी मिनिटांत मरू शकतो.

मग आम्ही ठरवलं, काकांनी दुसऱ्या खोलीतून शीळ घालून उत्तर द्यायचं, पिंजऱ्यात बाजरीचं कणीस अडकवून फाटकापर्यंत जाऊन यायचं, मग दूध आणायला, मग पारावर, आणि तो ओरडत असताना आत यायचं नाही, गप्प झाला की यायचं. हा सराव कागदावर पक्ष्याचा होता. स्वतःसाठी बाहेर पडा म्हटलं असतं तर काका हललेच नसते, आणि हे त्यांनाही कळलं असणार, बोलले नाहीत. पारावर जुने कंडक्टर भेटायला लागले तसा परत यायला आपोआप उशीर व्हायला लागला. किंचाळणं बरंच कमी झालं, पिसं काही आली, काही ठिकाणी नाही आली, सारखी उपटली की मूळच खराब होतं.

सुनेलाही काम दिलं, संध्याकाळी पंधरा मिनिटं, मोबाइल बाजूला ठेवून. "एकच गोष्ट दहादा सांगतात हो" म्हणाली. म्हटलं मग घाटातल्या गाडीचं विचार, ते तिने कधी विचारलंच नव्हतं. आता तिची तक्रार वेगळीच आहे, पक्षी कुकरची शिट्टी हुबेहूब काढतो आणि तिची मोजणी चुकते.

मधे मुलगा म्हणाला याला जोडीला हिरवा राघू आणू का. मुळीच नाही, आपल्याकडचे रानातले पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कुणाकडे आधीपासून असेल तर एकदम आकाशात सोडू नका, हातावर वाढलेला पक्षी बाहेर टिकत नाही, वनविभागाला कळवा.

शेवटचा विषय काकांनीच काढला. कॉकाटील नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो आणि काका सत्तरीला आलेत, तर माझ्यामागे याचं काय. नातू हो म्हणालाय. सून म्हणते, राहू दे, पण पिंजरा मी धुणार नाही.